टोचलं तर कळव

९ जानेवारी

बारके,

आशीर्वाद आहेतच, पण आजचं पत्र कामाचं आहे. तू हसणार आहेस, तेव्हा आधी हसून घे. मला धावायचे बूट हवेत.

तुझी वहिनी गेली त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून सकाळी मैदानावर जायला लागलो. तिथे दहा-बारा जण धावतात. त्यांचा म्होरक्या शाळेतून निवृत्त झालेला ड्रिलमास्तर, सगळे त्याला नुसतं मास्तर म्हणतात. दोन महिने मी कडेकडेने चालत त्यांना बघत होतो. एक दिवस मास्तरने हाताने खूण केली, ये म्हणून. गेलो. मैदानाची एक फेरी मारली आणि बाकावर बसून माशासारखा आ वासून राहिलो. पण दुसऱ्या दिवशी परत गेलो. आता न थांबता तीन किलोमीटर होतात. त्रेसष्टाव्या वर्षी.

तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढली, कान गेले ते गेलेच. यंत्र लावलं की कुणीतरी डोक्यात भांडी आपटतंय असं होतं, म्हणून ते खोक्यात पडून आहे. घरात सगळ्यांचे ओठ हलताना बघतो आणि अंदाजाने मान डोलावतो. परवा सुनेने विचारलं, भाजी खारट झाली का, आणि मी छान म्हणून मान हलवली. पण धावताना छातीतली धडधड हाडांतून वर चढते आणि ती मला ऐकू येते. अगदी स्वच्छ. मला ऐकू येणारी तेवढी एकच गोष्ट उरली आहे आणि ती धावल्याशिवाय ऐकू येत नाही.

अकरा मेला दहा किलोमीटरची शर्यत आहे. साठीच्या वरच्यांचा वेगळा गट असतो. मास्तरने माझं नाव घालून टाकलंय. सध्या मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट वापरतोय. तू बावीस वर्षं लोकांच्या पायांत बूट घालतेस, तर तूच सांग कुठले घेऊ. फोन करू नकोस. मुलगा फोन माझ्या कानाला लावतो आणि मला नुसती घरघर ऐकू येते.

दादा


१५ जानेवारी

दादा,

हसले. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना तुझं पत्र खिशातून काढून वाचलं आणि हसले. मग मागे मोज्यांच्या खोलीत जाऊन थोडं रडूनही आले. वहिनी गेल्यापासून तुझं एकही पत्र चार ओळींच्या वर गेलं नव्हतं.

आता नीट वाच. लोक बूट डोळ्यांनी घेतात. रंग आवडला, शेजाऱ्याकडे बघितला, संपला विषय. बूट पायाने घ्यायचा असतो. माप संध्याकाळी घे, सकाळी नाही. दिवसभरात पाय फुगतो आणि धावताना आणखी फुगतो, म्हणून सकाळच्या मापाचा बूट दुसऱ्याच किलोमीटरला आवळायला लागतो. फरशीवर कागद ठेव, त्यावर अंगाचा सगळा भार देऊन उभा राहा आणि सुनेला सांग, पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरव. दोन्ही पाय काढा. कुणाचेच दोन पाय सारखे नसतात आणि बूट मोठ्या पायाला घ्यायचा. लांबी सगळेच मोजतात. चवड्यापाशी, जिथे पाय सर्वांत रुंद असतो, तिथे मात्र कुणी मोजत नाही, आणि माणसं करंगळीवरचं कुरूप जन्मभर वागवत हिंडतात.

मग तळवा ओला करून कोरड्या फरशीवर पाऊल उमटव. मधला भाग कोरडा राहतो की सगळा तळवा उमटतो ते लिही. जुने बूट उलटे करून त्यांचे तळ कुठे झिजलेत तेही बघ. एवढं आलं की मी इथून जोड निवडून पाठवते.

पण शेवटचं माप माझ्याकडे नाही, ते तुझ्याकडे आहे. गिऱ्हाईक बूट घालून दुकानात चार पावलं चालतं तेव्हा मी बुटाकडे बघतच नाही, त्याच्या तोंडाकडे बघते. कपाळावर बारीकशी आठी पडली की समजायचं, बूट चुकला. तुझं तोंड मला इथून दिसायचं नाही. म्हणून जरा जरी टोचलं तरी कळव.

तुझी बारकी


२४ जानेवारी

बारके,

सोबत दोन्ही पायांचे कागद आहेत. सुनेने काढून दिले. पेन्सिल फिरवताना ती माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलली. मला वाटलं दुसरा पाय मागतेय, म्हणून तो पुढे केला. मग तिने कागदावर लिहून दाखवलं, बाबा, गुदगुल्या होत नाहीत का? मी म्हटलं, चौतीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभे राहिलेले पाय आहेत हे, त्यांना कसल्या गुदगुल्या.

ओलं पाऊल उमटवलं. सगळा तळवा उमटतो, मध्ये काही कोरडं राहत नाही. बदकासारखा पाय आहे. जुने बूट आतल्या बाजूने झिजलेत, डावा जास्त.

जरा घाई कर. कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटलाय, मी सुतळीने बांधून धावतो आणि मास्तर माझ्या पायांकडे बघून कपाळावर हात मारतो. इथे चौकात एक दुकान आहे. तुला पंधरा दिवसांत जमणार नसेल तर तिथून घेऊन टाकतो. दुकानदार म्हणतो, सगळे बूट सारखेच असतात.

दादा


६ फेब्रुवारी

दादा,

चौकातल्या दुकानाची पायरी चढू नकोस. सगळे बूट सारखेच म्हणणाऱ्या माणसाने भांडी विकावीत.

खोकं पाठवलंय. पाय सपाट आणि झीज आतल्या बाजूला, म्हणजे धावताना तुझा घोटा आत झुकतो. त्याला आतून आधार असलेला जोड बघितला आहे. टाच घट्ट धरेल, पुढे अंगठ्यापलीकडे बोटभर जागा राहील. दोन्ही हातांनी दुमडून बघ, चवड्यापाशीच दुमडतो, मध्ये नाही. चांगला बूट तिथेच दुमडतो.

तीन दिवस घरातच घाल. बाहेर मातीत नेऊ नकोस, म्हणजे बदलून देता येईल. सुरुवातीला करंगळीच्या बाजूला थोडा घट्टसर वाटेल. कापड सैल होतं थोडं वापरून. पण टोचलं, घासलं, बधिर वाटलं तर धावू नकोस, लगेच कळव. मी दुसरा पाठवीन.

माझे गुडघे बरे आहेत. दिवसभर त्या बुटक्या स्टुलावर उठ-बस चालू असते. मालकांनी घोट्याइतक्या उंचीचा आरसा नवा लावलाय, त्यात गिऱ्हाइकांना फक्त स्वतःचे पाय दिसतात. सगळे जण त्यात बघून लाजतात.

बारकी


२१ फेब्रुवारी

बारके,

जिंकलीस. टोचणं नाही, घासणं नाही. खरं सांगू, पायात काही घातलंय असंच वाटत नाही. तीन दिवस घरात घातले, चौथ्या दिवशी मैदानावर. मास्तरने हातात घेऊन उलटे-सुलटे करून बघितले आणि अंगठा वर केला. मी वहीत लिहून त्याला दाखवलं, बहीण यातली आहे. तिने पायाचा कागद मागवून निवडलेत. आता मैदानावर तुझं नाव झालंय. दोघांनी कागदावर पाय काढून मला आणून दिलेत, पुढच्या पत्रात घालतो.

काल पाच किलोमीटर झाले. घरी आलो तेव्हा सून दारात उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन मुलाला बोलावून आणलं. मी घाबरलो, म्हटलं काय झालं. तो म्हणाला, म्हणजे त्याच्या ओठांवरून मला कळलं, की बाबा शीळ घालत आलात. मला स्वतःला ते ऐकू आलं नव्हतं.

दादा


३ मार्च

दादा,

तुझं पत्र मालकांना वाचून दाखवलं. पायात काही घातलंय असंच वाटत नाही, हे वाक्य त्यांना फार आवडलं. दुकानात लावू या म्हणाले.

मला किती सुटल्यासारखं झालं ते तुला कळणार नाही. मनात जरा धाकधूक होती. नखं कापलेली ठेव, मोजे रोज धुतलेले घाल.

बारकी


२९ मार्च

बारके,

सात किलोमीटर. मास्तर म्हणतो, मेपर्यंत दहा सहज.

एक विचारायचं होतं. दोन मोजे एकावर एक घातले तर चालतात का? डाव्या पायाच्या मोज्याला करंगळीपाशी डाग पडतात, धुतले तरी जात नाहीत. बघितलं तर करंगळीच्या मुळाशी फोड आला होता. मीच सुईने फोडला, वर पट्टी लावली. दुखलं वगैरे काही नाही. तेवढ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. जाड मोजे पाठवायचे का ते कळव.

मैदानावरच्या दोघांचे पाय सोबत आहेत. त्यातला मोठा पाय पोस्टमनचा आहे. त्याला उन्हाळ्याच्या आत हवेत म्हणतो.

दादा


५ एप्रिल

दादा,

मोज्यांचं राहू दे. पोस्टमनचंही राहू दे.

करंगळीच्या मुळाशी आलेला फोड सुईने फोडला आणि दुखलं नाही, असं तू लिहिलंयस. मी ते चार वेळा वाचलं. दादा, तो फोड दुखतो. मोठमोठी माणसं त्या फोडाने माझ्यासमोर लहान पोरासारखी तोंडं करतात. पूर्वी आमच्या दुकानात एक गृहस्थ आले होते. मी त्यांचा जुना बूट काढला तर आत बारीक लोखंडी खिळा होता, टोक वर आलेला, आणि मोजा लाल झालेला. ते माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. त्यांना शुगर होती. शुगरने पायातलं कळणंच जातं, हे मला तेव्हा समजलं.

तुला शुगर आहे का? खरं सांग. मागे वहिनी कधीतरी काही बोलली होती, मी लक्ष दिलं नव्हतं.

हे पत्र मिळेल त्या दिवसापासून धावणं बंद. बूट काढून ठेव. कदाचित तुझ्या पायाला ते थोडे अरुंद होत असतील, जोडाजोडात फरक असतो. आजच्या आज डॉक्टरांना पाय दाखव. पट्टी काढून, मोजा काढून, उजेडात दाखव. शर्यत दर वर्षी असते.

बारकी


१४ एप्रिल

बारके,

तू फार घाबरतेस. लहानपणी पाल पडली तर अख्खं घर डोक्यावर घ्यायचीस, तशीच राहिलीस.

शुगर आहे, थोडीशी. या वयात कुणाला नसते? गोळी घेतो. पायाला काही झालेलं नाही. फोड सुकतोय. बूट अरुंद असते तर मला कळलं नसतं का? तूच म्हणालीस, शेवटचं माप तुझ्याकडे. मग माझ्यावर विश्वास ठेव.

सून आणि मुलगाही मागे लागले होते, पाय दाखवा म्हणून. मी त्यांना सांगितलं, आत्याने बघून दिलेले बूट आहेत, ती बावीस वर्षं यात आहे, तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. तेव्हा गप्प बसले.

अकरा मे होऊ दे. बारा तारखेला सकाळी डॉक्टरांकडे जातो. लिहून देतो हवं तर.

दादा


२ मे

आत्या,

नमस्कार. तुमच्या भाच्याला लिहायचं नाही, म्हणून मी लिहितेय. बाबांना इस्पितळात ठेवलं आहे.

पंचवीस तारखेला मैदानावर त्यांना थंडी वाजून आली आणि ते खाली बसले. मास्तर त्यांना कुणाच्या तरी गाडीत घालून घरी घेऊन आले. आम्हाला वाटलं साधा ताप असेल. मी पायातले बूट काढायला गेले तर बाबांनी हात धरला. मी तरीही काढले. खोलीत वास पसरला. डाव्या करंगळीखालून तळव्यापर्यंत जखम गेली होती, आत पांढरं दिसत होतं. मी ह्यांना हाक मारली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, पू हाडापर्यंत गेला आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. अजून ताप उतरलेला नाही. पाय वाचेल का ते दोन-तीन आठवड्यांनी सांगतो म्हणाले.

हे फार चिडले आहेत. आत्याने बूट दिले, आत्याने बूट दिले, एवढंच म्हणतात. मी त्यांना सांगितलं की आत्याला काय माहीत. पण आत्या, तुमचं ते एप्रिलचं पत्र बाबांच्या उशीखाली सापडलं. तुम्ही शुगरचं विचारलं होतं, ते वाचलं. तुम्ही आम्हाला का नाही लिहिलंत? बाबांना लिहून काय उपयोग होता? ते सगळ्याला मान हलवतात.

तुमची भाचेसून


९ मे

दादा,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. सून तुला उघडून हातात देईल. वाचून झाल्यावर कुणाला दाखवायचं ते तू ठरव.

मी तुला चुकीचे बूट पाठवले.

तुझा डावा पाय चवड्यापाशी अकरा सेंटीमीटरच्या वर भरला. मी पट्टी तीनदा लावून बघितली होती. त्या रुंदीचा जोड आमच्याकडे नव्हता. कंपनीतून यायला सहा आठवडे लागणार होते. तू पंधरा दिवस म्हणाला होतास, नाहीतर चौकातल्या माणसाकडून घेतो म्हणालास. मला वाटलं तो काहीही गळ्यात मारेल. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतंस. सहा आठवडे थांब असं लिहायला हात उठेना. म्हणून एक नंबर लांब, पण नेहमीच्याच रुंदीचा जोड घेतला आणि खोक्यात भरला.

लांबीने रुंदी भरून निघत नाही. हे मी दुकानात नव्याने आलेल्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. कापड सैल होतं थोडं, हे जे मी तुला लिहिलं, ते वाक्य आमच्याकडे माप नसलं की म्हणायचं असतं. ते मी आजवर किती जणांना म्हटलंय त्याचा मला हिशेब नाही. बहुतेक लोक आठ दिवसांनी बूट परत घेऊन येतात, टोचतात म्हणून. मी मनाशी म्हटलं, टोचले तर दादा कळवेलच. सगळा भार तुझ्या कळण्यावर टाकून मी मोकळी झाले.

एप्रिलमध्ये मला समजलं होतं. तुझं फोडाचं पत्र वाचलं त्याच क्षणी समजलं. तरी मी लिहिलं, कदाचित थोडे अरुंद होत असतील. कदाचित. ते एक अक्षर खरं लिहिलं असतं, बूट अरुंदच आहेत, मला ठाऊक आहे, असं लिहिलं असतं, तर तू काढले असतेस. आणि सुनेला लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण तिने बुटांबद्दल विचारलं असतं.

हे मी लिहिलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. बुटाच्या जिभेच्या आत शिक्क्यावर रुंदीचं अक्षर असतं, ते तुमच्या घरात कुणाला वाचता येत नाही. दोन दिवस मी तोच विचार करत होते. दुकानात एका बाईच्या उजव्या पायात डावा बूट घालायला गेले, तिनेच मला पाणी आणून दिलं.

माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. तू लवकर बरा हो.

बारकी


२० जून

आत्या,

तुमची चार पत्रं आली. बाबा उत्तर देत नाहीत म्हणून मी कळवते.

तीन जूनला बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. दुसरा इलाज उरला नव्हता. सोळाला घरी आणलं. खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी घातली आहे. जेवण अगदी थोडं जातं. मास्तर दोनदा येऊन बसून गेले. ते वहीत लिहीत होते आणि बाबा ते न वाचता पान उलटत होते.

तुमचं मेमधलं पत्र त्यांनी एकदाच वाचलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सदरा धुवायला घेतला की ते दुसऱ्या सदऱ्यात जातं. त्यात काय आहे ते मी विचारलेलं नाही.

तुम्ही आता येऊ नका. हे घरी असतात आणि ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी सांगेन तेव्हा या.

तुमची भाचेसून


३ ऑगस्ट

बारके,

उशीर झाला. आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

मी तुझ्यावर रागावलो. खोटं कशाला बोलू? महिनाभर असा रागावलो होतो की तुझं अक्षर दिसलं तरी दात आवळले जायचे. बावीस वर्षांची जाणकार, तिला माप कळत होतं, आणि तरी खोक्यात भरलं. पण त्याआधी मी एकट्या माझ्यावरच रागावत होतो आणि ते मला झेपत नव्हतं. तुझं पत्र आलं आणि राग दोघांत वाटला गेला. त्याने जीव वाचला असेल कदाचित.

आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून घरी आलो आणि तुझ्या वहिनीने किंचाळून माझ्या पायाकडे बोट दाखवलं. चपलेतून खिळा आत शिरला होता. फरशीवर दारापासून रक्ताचे ठिपके होते, आणि मी भाज्या मोजून देत होतो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, पायांतलं कळणं गेलं आहे, रोज तळवे तपासायचे. मला स्वतःला वाकून दिसत नाहीत. ती रोज संध्याकाळी माझे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांत बघायची. बडबडत असायची, मला ऐकू यायचं नाही. ती गेली आणि बघणारं कुणी उरलं नाही. सुनेसमोर कसे पाय वर करू? म्हणून मी ठरवलं की काही झालेलं नाही.

तू कागद मागितलास तेव्हा मला ठाऊक होतं. टोचलं तर कळव, असं तू लिहिलंस तेव्हाही ठाऊक होतं की मला ते कळणार नाही. पायात काही घातलंय असंच वाटत नाही, हे मी खरं तेच लिहिलं होतं. डॉक्टरांना धावण्याचं सांगितलं नाही, मास्तरला शुगरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांनी बंद केलं असतं, आणि मग छातीतली धडधड कुठून ऐकायची? मोज्यावरचा डाग रक्ताचा आहे हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, बारके. मी आंधळा नाही.

गेल्या आठवड्यात मुलाला समोर बसवून तुझं पत्र दिलं. त्याने वाचलं. मग मी माझं सांगितलं, खिळ्यापासून सगळं. तो उठून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला ऐकूच येत नाही, त्यामुळे तो बोलत नाही हे समजायला मला दोन दिवस लागले. सुनेला हे सांगितलं तर ती हसली आणि मग पदराने डोळे पुसत आत गेली.

पाय दुखतो. डावा, जो नाही तो. करंगळी अशी ठणकते की मी हात खाली नेतो, तर नुसती चादर लागते. डॉक्टर म्हणतात, असं होतं, काही वर्षं राहील. दोन वर्षं होता तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही आणि आता दिवसरात्र तक्रार चालू आहे. ऐकायला मीच एकटा.

धावणं संपलं. खिडकीतून मैदानाचं एक टोक दिसतं. सकाळी सगळे तिथून वळतात. मास्तर हात वर करायचा, म्हणून मी खाट दुसरीकडे सरकवून घेतली.

आता कामाचं. नकली पाय करून देणारा माणूस बघून गेला. तो म्हणतो, आधी बूट आणा, मग पाय. टाचेची उंची किती त्यावरून पाय बसवतात, नाहीतर माणूस पुढे कलंडतो. म्हणजे मला पुन्हा बूट घ्यायचे आहेत. मुलगा म्हणाला, म्हणजे सुनेकडून निरोप आला, की चौकातून आणून देतो. मी नाही म्हटलं. तो चिडला. आत्या या घरात आली तर मी बाहेर जाईन म्हणाला. मी म्हटलं जा, दोन तासांनी ये.

उजव्या पायालाही काही कळत नाही. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली, मी खिडकीबाहेर बघत होतो. तो एकच उरलाय आणि तो जायला नको. म्हणून तू स्वतः ये. कागद नको, पार्सल नको. माझ्या पायाशी बस, पाय मांडीवर घे, आणि बुटात तुझा हात घालून सगळीकडून चाचपून बघ. रुंद नसेल तर सहा आठवडे थांबू, सहा महिने थांबू, मला आता कुठे जायचंय.

फक्त टोचतंय का असं मला विचारू नकोस. मी नाहीच म्हणेन.

दादा